मालूच्या शिव्यांचा मालक

पैज लावा माझ्यासंगं! ह्या गोष्टीचा शेवट जो वळखंल त्याला आमच्या बेळगुंदीची पोतंभर रताळी, घरपोच! न्हाय वळखणार तुमी, लिहून देतो... म्हंजे लिहाया कुठं येतंय मला, अंगठा देतो! अवो तुमीच सांगा, बायको कुणाची? माझी! शिव्या कुणाला? मला! आणि मालक कोण? कंपनी! हाय का न्हाय कमाल?

थांबा, पैल्यापासनं सांगतो, न्हाईतर म्हणशीला रवळूआप्पाचं डोस्कं फिरलंय.

आमचा धंदा खोड्या काढायचा, शेती आपली जोडीला. लगीन झाल्यापासनं आमच्या मालूचं काय ना काय दडवून ठिवायचं हे माझं काम. आज एक चप्पल कोंबड्यांच्या खुराड्यात, उद्या मिसरीची डबी तुळशीच्या कोनाड्यात... आणि एक दिस तिचा चष्मा ठिवला तांदळाच्या डब्यात. तुमास्नी सांगतो, त्याच टायमाला नवा फोन घेतलेला. म्हटलं ही आता तोंड सोडणार, घ्या धरून! दाराआड हुभा ऱ्हायलो आणि दाबलं बटण. काय बोलली वो! अडीच मिनिटं, दम न खाता! "मुडद्या, दात पडलं तरी तुझं चाळं पडंनात! सरणावर निजवलं तर तिथलं बी एक लाकूड दडवशील!" असलं एकेक! आणि सगळं बोलून झाल्यावर, आवाज जरा खाली आणून, "ते फोन बंद कर, लोकास्नी दावू नगो. भाकरी निवाल्यात, जेव ये."

दावू नगो म्हणली. आता दावू नगो म्हटल्यावर गप बसणारा रवळू अजून जलमाला यायचाय!

तडक गेलो शाल्मलीकडं. शाल्मली म्हंजे आमच्या स्टँडाजवळची मोबाईलची दुकानवाली, लई हुशार पोरगी. म्हटलं, हे नेटवर टाक. ती म्हणती, "आप्पा, खात्याला नाव कुणाचं घालू?" झालं! हितं माझी जीभ वळवळली. म्हटलं, नागोजीचं घाल! नागोजी म्हंजे शेजारी, ल्हानपणापासनचा मैतर. नाव त्याचं, फोटो बी त्याचाच, जत्रंत जांभई देतानाचा. झालं की वो! सगळ्या गावाला वाटलं, मालू नागोजीला शिव्या घालत्या! आणि त्याची बायको नागुबाई काय म्हणली असंल? "दुसऱ्याच्या बायकोचा चष्मा तुमाला कशाला लागतोय?" नागोजी माझ्याशी बोलायचा बंद. मालूनं बी चार दिस ताट आपटून वाढलं. मी आपला पोट धरून हसतोय!

पुढं फोन भरला. शाल्मली म्हणली, "आप्पा, काय तरी पुसाया पायजे." म्हटलं, मालूचं ते पूस, नेटवर हाय न्हवं? नेट काय पळून जातंय?

नेट न्हाय पळालं... मालू गेली. शिमग्याच्या आदी.

आता घरात चष्मा तांदळाच्या डब्यात ठिवला तर तितंच ऱ्हातोय बघा. कोण हुडकतच न्हाय. ठिवून बघितलाय मी.

मग काय, सकाळी च्या घ्यायचा, भाकरी भाजायची, फोन लावायचा, अडीच मिनिटं शिव्या खायाच्या, "जेव ये" म्हणली की जेवायचं. ती म्हटल्याबिगर घासच उतरायचा न्हाय. झाक चाललंतं!

आणि मग वडगावात एका लग्नाला गेलतो. वरात निघाल्या, डॉल्बी दणदणतोय, आणि त्यात... मालू! आमची मालू वो! "दात पडलं, दात पडलं, चाळं पडंनात, ढिंग ढिंग!" तीन-चारशे माणसं नाचत्यात! नवरा घोड्यावर बसून नाचतोय! एकजण मला वडतोय, "आप्पा, नाचा की!" आता बायको शिव्या घालत्या आणि मी नाचू? जलमभर तेच केलं म्हणा... पर त्या दिशी पाय उचलंना. एवढ्या माणसांत एकालाबी म्हाईत न्हाय, ही कोण आणि मी कोण.

दुसऱ्या दिशी सकाळी फोन लावला तर पडदा काळा! पळत गेलो शाल्मलीकडं. तिनं वाचून दावलं, "दुसऱ्याच्या मालकीचा आवाज वापरल्यामुळे हा व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे." दुसऱ्याच्या? म्हटलं पोरी, नीट वाच! तर कुणा गाण्याच्या कंपनीनं मालूचा आवाज उचलला, खाली ढोल लावला, वर आपलं नाव लावलं. आणि तिकडल्या मशीनीनं दोन आवाज शेजारी ठिवलं आणि म्हणं रवळूच चोर! बायको माझी, शिव्या मला, मालक कंपनी!

लावला कंपनीला फोन. कन्नडला एक दाबा, हिंदीला दोन, इंग्रजीला तीन. मराठीला बोटच न्हाय! दाबलं एक. बाई इचारती, "हाडु यारदु?" गाणं कुणाचं म्हणं. म्हटलं, "हाडु अल्ल आक्का, बैगुळ! शिव्या हाईत त्या, शिव्या!" तिनं फोनच ठिवला. तिला वाटलं, तिलाच द्याया लागलोय!

मग गेलो बेळगावला, कोर्टासमोर सुहास वकील बसत्यात त्यांच्याकडं. भला माणूस. "आप्पा, भिऊ नका. रेकॉर्डिंग तुमी केलंय, तुमचा हक्क हाय. बोलणाऱ्या बाईंचाबी हाय. आपण हरकत घेऊ. खातं कुणाच्या नावावर हाय?"

म्हटलं, "नागोजीच्या."

"बरं, मूळ व्हिडिओ फोनमधी असंल?"

"पुसला."

"नेटवर टाकायला बाईंची परवानगी घेतल्यासा?"

मी फरशी बघाया लागलो. वकिलांनी चष्मा काढला. "मग आप्पा, ह्यात तुमचं म्हणायसारखं काय हाय?"

म्हटलं, "शिव्या, सायेब."

त्येनी म्हटलं, निदान खातेवाल्याची सही आणा. आली का पंचाईत! गेलो नागोजीच्या कट्ट्यावर. हात जोडलं. जलमात पैल्यांदा, खोटं न्हाय सांगत. तर नागोजी म्हणतोय, "सही? रवळ्या, दोन वर्सं गिरणीत गेलो तरी लोकं इचारत्यात, चष्मा कुठं दडवलास म्हणून! आणि आता मीच लिहून देऊ, व्हय, ह्या शिव्या माझ्या?" म्हटलं, "चुकलं रं. मला मालू पायजे." तो म्हणाला, "वैनी दावू नगो म्हणालत्या की रं त्यात. मी ऐकलंय. तू ऐकलास?"

उठलो, बिनसहीचाच घरला आलो.

शाल्मलीला माझी दया आली. म्हणली, "आप्पा, ते कंपनीचं गाणं फोनवर लावून घ्या, तुमाला कोण फोन केला की त्याला ऐकू येतंय." घेतलं लावून, म्हैन्याचं भाडं भरून. आठ दिस वाट बघितली... आता मला फोन कोण करणार वो? आणि केलाच कुणी, तर ऐकणार तो, मी न्हवं!

मग मालूचा जुना बटणाचा फोन काढला, त्यात रिचार्ज मारला. आता रोज सकाळी भाकरी भाजतो, तिच्या फोनवरनं माझ्या फोनला फोन करतो. हितं पडद्यावर नाव येतंय, मालू, तेवढं वळखतो मी. तिकडं कानात, दात पडलं, चाळं पडंनात, ढिंग ढिंग. उचलायचा मातर न्हाय. उचलला की ती गप.

आणि त्यात "जेव ये" न्हाय. ढोलात बसंना म्हणून छाटलं म्हणं. ते माझं मीच म्हणतो.

वळखलासा शेवट? न्हाय न्हवं? रताळी ऱ्हायली माझ्याकडंच. बायको माझी, शिव्या मला, मालक कंपनी... चाळीस वर्सं फुकट खाल्ल्या त्या शिव्या, आता दोन फोनांचं मिळून म्हैन्याला दोनशे पस्तीस रुपयं. जीएसटी धरून.