जानरावच्या लाल मोटारीची पुसनी

आता तुमीच सांगा, ज्या यंत्राचं जन्मात एकच काम, ते बी पानी आल्यावरच करायचं, अन् नेमकं पानी आलं का ते यंत्र आंग चोरते, तं त्याले काय म्हनाव? मोटारीच्या पुढच्या काचेवर ते काळं बोट असते ना, पानी पुसायचं... शहरातले लोक त्याले वायपर म्हनते, आमच्या अनसिंग गावात सारे पुसनी म्हनत... तं ती जानरावच्या मोटारीची पुसनी! बाकी मोटार काय, नजर लागावी अशी! लाल, बुटकी, दोघाईचीच बैठक, वरतून कापडाचं टप, दोन्ही बाजू उघड्या, शर्यतीत पळवायची जात. अकोल्याचा कोनी साहेब इलायतेले वापस चालला होता, जानरावनं त्याची मोटार पाह्यली अन् गडी लोन्यावानी इरघळला. घरी आला तो सरळ गोठ्यात. बापानं वाढवलेली बैलजोडी सोडली, रिठदच्या एका शेतकऱ्याले इकून टाकली, अन् चवथ्या दिवशी लाल मोटार दारात!

मोठा भाऊ जगदेव त्या आठवड्यात पाहुनपनाले गेलता. वापस आला, गोठ्यात गेला, रिकाम्या दावनीकडे पाह्यलं, मोटारीकडे पाह्यलं, अन् तोंड मिटलं. किती दिवस? चार वर्षं! तुमाले सांगतो, एक घर, एक चूल, एका पंगतीत जेवन, पन बोलनं नाई. जगदेवले मीठ लागलं तं तो भितीले सांगे, "कोनी मीठ देत असंन तं द्या म्हना." आता भीत काय देते, कप्पाळ? जानराव मुकाट्यानं मिठाचं भांडं सरकवे, अन् जगदेव भितीकडे पाहूनच मान हालवे.

असे दिवस चालले होते, अन् भादव्यात मंगरूळपीरहून निरोप आला. तथी त्याईची लहानी बहीन गोजराबाई दिली होती. मुदतीचा ताप, अठरावा दिवस. तिनं सांगून पाठवलं, "दोघं भाऊ संगं येत असान तं या. एकटा-एकटा कोनी येऊ नोका. एकेकाले पाह्यलं का मले अर्धंच बरं वाटते."

झालं! संगं जायचं, पन कायनं? पान्यानं पूल खचले म्हून प्रवाशाईची जड सर्विस मोटार बंद, गाडीवाटा चिखलात. राह्यली ते लाल मोटार. जिच्या सावलीले बी जगदेव चार वर्षं उभा राह्यला नव्हता! जानरावनं मोटार दारात लावली, अन् खाली मान घालून बसला. जगदेव बाहेर आला, धोतर खोचलं, छत्री काखेत मारली, आभाळाकडे पाह्यलं अन् आभाळालेच म्हने, "बसाव लागते बावा आता." अन् बसला! दोघाईचे खांदे एकमेकाले घासले, दोघंबी इकडे-तिकडे सरकले, पन सरकून जानार कुठी? साहेबानं मोटार बायकोसंगं फिरायले घेतली असंन, भांडलेल्या भावासाठी थोडीच घेतली होती!

गाव सुटलं नाई तं पानी सुरू. जानरावनं खटका दाबला. पुसनी थरथरली, बोटभर सरकली, अन् थांबली. पुन्हा दाबला. हालेना! जगदेव छत्रीच्या मुठीले म्हने, "समोरचं दिसत नसंन तं गाडी थांबवाव म्हना कोनी." जानराव उतरला. पुसनीचं रबर पुसलं, खिळ्याचा गंज खरडला, तेल सोडलं, हातानं इकडून तिकडं फिरवून पाह्यली. हातानं कशी नव्या नवरीवानी आज्ञेत चाले! खटका दाबला का रुसली. जानरावले राग आला, त्यानं सरळ काचच आडवी केली. त्या मोटारीत ते सोय होती. म्हने, काचच नाई तं पुसायचं काय? हा हा! शंभर पावलं गेले असतील, थेंब असे लागत होते तोंडाले का कोनी मुठीमुठीनं ज्वारी फेकून राह्यलं. एक किडा जानरावच्या तोंडातून गेला तो गेलाच. जगदेवचा फेटा पिळला असता तं एका मानसाची आंघोळ झाली असती. मुकाट्यानं काच पुन्हा उभी. अन् पुसनी? पुसनी काही हालेना!

कसेबसे वाशीमले आले. तथी गुलाबसिंग मिस्तरी, सायकली, पंप, शिवन्याच्या मशिना, जे बिघडंन ते दुरुस्त करे. त्यानं पुसनीची डबी खोलली, आत फुंकलं, अन् म्हने, "मालक, इसमें बिजली-उजली कुछ नहीं. इंजन सांस अंदर खींचता है ना? ये रबड की नली उसी सांस पे लगी है. इंजन सांस लेगा, तो ये हाथ हिलेगा." डबी साफ केली, तेल दिलं, इंजिन चालू केलं... अन् काय सांगू, पुसनी अशी पळाली सर्र-सर्र का जानरावनं मिस्तरीच्या गळ्यात पडायचंच बाकी ठेवलं! जगदेव दुकानातल्या सायकलीले म्हने, "उभ्या गाडीत तं सारंच चालते."

अन् मानसाची जीभ काळी असावी तं किती? मंगरूळच्या रस्त्याले लागले, पह्यला चढ आला, जानरावनं पाय दाबला, अन् पुसनी काचेच्या मधोमध उभी! चढ सरला, पाय उचलला, सर्र-सर्र. पुन्हा चढ, पुन्हा उभी. उतारावर जिथं दिसूनच राह्यलं तथी नाचते, अन् चढावर, जिथं समोर गाडी आली का बैल आला का खड्डा आला काई समजत नाई, तथी हालेना! जानरावच्या ध्यानात आलं, चढावर इंजिनाले सोताचाच श्वास पुरत नाई, ते दुसऱ्याले कुठून देईन? तितक्यात बाजूनं आवाज आला, "चढावर पाय मांगं घेनारं जनावर आमच्या बापानं दावनीले बांधलं नसतं."

जगदेव बोलला ते काचेले. पन लागलं जानरावले. कारन बाप शेवटचा आजारी होता तवा उशाशी बसला तो जगदेव, शेत पाह्यलं ते जगदेवनं. जानराव तवा अकोल्याले मोटारी पाहून राह्यला होता. हे त्याले कोनी कधी म्हटलं नव्हतं. म्हनायची गरज होती काय?

अन् मंग पुसनी उतारावर बी बंद पडली. ठार! जानरावनं मोटार बाभळीखाली उभी केली, स्टेरिंगवर डोकं ठेवलं. तिकडं बहीन वाट पाहून राह्यली, अन् इथी समोरचं झाड दिसत नाई. तवा जगदेव आपसुकच उतरला. "झाकन उघडा म्हना." जानरावनं उघडलं. जगदेवनं इंजिनावर छत्री धरली अन् कान लावला. आता ज्या मानसानं चार वर्षांत मोटारीले बोट लावलं नाई, त्याले काय समजते? पन त्याची गुडगुडी तीस वर्षांची! म्हने, "सूं आवाज येते. नळी चिरली का गुडगुडी बी असीच बोंबलते, मंग कितीही ओढा, धूर येत नाई." नळीवर बोट फिरवत गेला, अन् खालच्या बाजूनं, जिथं मिस्तरीची नजर बी गेली नव्हती, तथी चीर सापडली. धोतराची पट्टी टर्रकन फाडली, मोटारीतल्या डब्यातलं वंगन चोपडलं, अन् बैलाच्या लचकलेल्या पायाले बांधते तसी फेऱ्यावर फेरा गुंडाळली. खटका दाबला. सर्र-सर्र!

पन चढ आला का? अवो, चढावर ते थांबनारच, त्या जातीचा सभावच तो! मंग जगदेवनं चंचीतली तंबाखू हातावर भिजवली, बाजूनं हात काढून काचेवर चोळली. पानी पसरट झालं, थोडं दिसू लागलं. असं ठरलं, ठरवलं कोनीच नाई, पन ठरलं. उतार पुसनीचा, चढ जगदेवचा. अन् एका चढावर, हात काचेवर, तो एकदम वरडला, "जान्या, खड्डा! डावा!"

जानरावनं मोटार वळवली, खड्डा चुकला. जान्या! चार वर्षांत पह्यल्यांदा. ना भितीले, ना छत्रीले, सरळ त्यालेच!

जरा येळानं जानराव समोरच पाहून म्हने, "दादा, बैल खुशाल हायेत. मी दर पोळ्याले रिठदले जातो. दुपारचा. शिंगं रंगवून येतो."

जगदेवचा हात काचेवरच राह्यला. "कोनता रंग लावतो?"

"हिरवा."

"हात् तुझ्या जानगुड्या! मी सकाळी लाल लावून येतो, अन् पुढच्या बाजारले पाह्यतो तं हिरवा! चार वर्षं मी त्या रिठदवाल्याले शिव्या देऊन राह्यलो का हा मानूस माहा रंग खरडते!"

"अन् मले वाटे तो रिठदवाला लालच लावते, म्हून मी वरतून दोन हात मारे! पन तो बोलला काहून नाई?"

"मीच शपथ घातली होती त्याले, कोनाले सांगजो नोको म्हून."

"मी बी घातली होती, दादा."

जानरावनं मोटार थांबवली. चढ नव्हता, खड्डा नव्हता, पुसनी चालून राह्यली होती. पन त्याले समोरचं काई दिसत नव्हतं. ते पानी पुसायले मोटारीत कोनतंच यंत्र नसते. जगदेवनं फाटक्या धोतराचा सोगा आधी सोताच्या डोळ्याले लावला, मंग त्याच्याकडे सरकवला. "चाल आता. गोजरा वाट पाह्यत असंन."

मंगरूळले पोचले तवा दिवस कलला होता. गोजराबाई बाजीवर, काडी झालेली. दारात दोघाईले पाह्यलं. जानरावची उजवी बाजू वली चिंब, जगदेवची डावी चिंब, मधले दोन खांदे तेवढे कोरडे. ते इतकी हासली का तिच्या नवऱ्यानं घाबरून पान्याचा तांब्या आनला. "दोघं एकाच मोटारीत, दादा?" जगदेव म्हने, "काय करतो बाई, तिच्यात दोघाईचीच बैठक, भांडनाले जागाच नाई." एकविसाव्या दिवशी ताप उतरला. भावाले पाहून उतरला का दवाईनं, त्या भानगडीत कोनी पडलं नाई.

वापस निघाले तं ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा, काच लख्ख. जानराव म्हने, आता दोन घंट्यात घर. पन जगदेव बोलू लागला ना! चार वर्षांचं साचलेलं! कोनत्या वावरात काय पेरलं, कोन मेलं, कोनाचं लगन मोडलं, गाय कशी आटली, अन् बाप मरताना जानरावबद्दल काय बोलला ते बी. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना, म्हून जानराव मोटार थांबवे, इंजिन बंद करे, सारं ऐकून घे, अन् मंग पुढं चाले. मैलभर गेलं का पुन्हा, "जान्या, हे तं सांगाचंच राह्यलं..." पुन्हा थांब! आता काय सांगू तुमाले, सूर्य बुडाला तरी वाशीमच आलं नव्हतं. मांगून वांग्याईनं भरलेल्या तीन बैलगाड्या आल्या अन् त्याईले ओलांडून पुढं गेल्या. इलायतेची शर्यतीची मोटार, बावा... अन् पह्यला नंबर वांग्याईचा!