दोन आजींच्या मधली प्लायवूडची भिंत

...नाही, मी म्हणतो, सुधारणा करा ना, नको कोण म्हणतंय! पण पहिली अंगवळणी पडायच्या आत दुसरी? तुम्हाला सांगतो, मी आणि बायको मिळून हा लहानसा वृद्धाश्रम चालवतो... म्हणजे 'वृद्धाश्रम' म्हणायचं नाही आता, तो शब्द गेला, 'ज्येष्ठ निवास सेवा केंद्र' म्हणायचं, आणि आजी-आजोबा तर अजिबात नाही, 'लाभार्थी' म्हणायचं! आमच्या स्वयंपाकाच्या बाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "लाभार्थीऽऽ, चला जेवायलाऽऽ!" एक जण जागचा हलेल तर शपथ! सगळ्यांना वाटलं, शेजारच्या घरात कुणाला तरी हाक मारतायत. जेवण गार! पण करता काय, सुधारणा आहे!

बरं, तेही चाललं असतं. पण मग आलं ते खोल्यांचं. म्हणे प्रत्येक लाभार्थ्याला स्वतंत्र खोली हवी, खासगीपणाचा हक्क! ऐकायला किती गोड! पण आमच्याकडे कोपऱ्यातल्या खोलीत दोन आजी आहेत. एक शिवणआजी, जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या ऑपरेटरआजी, जन्मभर टेलिफोन खात्यात 'हॅलो, हॅलो' केलं, आता ठार बहिऱ्या, कानाशी ढोल बडवा, ढिम्म! पण दोघी मिळून एक अख्खं धडधाकट माणूस होतं हो! ताट आलं की ऑपरेटरआजी सांगणार, "उजवीकडची वाटी गरम आहे गं, हात जपून!" आणि बाहेर पावलं वाजली की शिवणआजी हिच्या तळहातावर बोटानं लिहिणार, 'डॉक्टर'. लगेच ही म्हणणार, "आज परत तोच शर्ट घातलाय मेल्यानं!" की दोघी फिदीफिदी... डॉक्टर बिचारा दारातच लाल!

यांना खासगीपणा! कुणापासून, सांगा ना, कुणापासून?

फोन केला मी सरकारी हापिसात. पलीकडून तो आवाज, नाकातला... "हे बघाऽ, दोन लाभार्थी, दोन खोल्या." म्हटलं, "अहो, एकीला दिसत नाही, एकीला ऐकू येत नाही!" तर म्हणतो कसा, "मग तर प्रवर्गसुद्धा दोन झाले! वेगळंच ठेवा." म्हटलं, "आणि नाही ठेवलं तर?" "तर परवाना जाईल." इतकं थंडपणे, जसं काही 'चहा घेणार का' विचारतोय! परवाना गेला तर बाकीच्या म्हाताऱ्यांना मी नेऊ कुठे? काहींची मुलं फोन उचलत नाहीत, काहींना फोन करायलाही कुणी नाही.

बोलावला सुतार. ठोकली खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत. खिडकीचेसुद्धा दोन तुकडे, अर्धं आभाळ हिला, अर्धं तिला! सुधारणा आहे!

आणि मग... शिवणआजी जेवेनात. ताटात काय कुठे आहे सांगायला आम्ही बसायचो, बायको बसायची, पण त्या म्हणायच्या, "तू बरोबर सांगतेस गं, पण तुझ्या सांगण्यात गंमत नाही." एका दुपारी मी जिन्यात होतो. आतून रडणं ऐकू आलं. ऑपरेटरआजी... मोठमोठ्यानं, लहान मुलासारख्या! बहिऱ्या माणसाला आपण मोठ्यानं रडतोय हे कळत नाही हो... ती बिचारी समजत होती, आपण गुपचूप रडतोय. आत डोकावलो, तर अलीकडे शिवणआजी, दोन्ही तळवे प्लायवूडला लावून, "मी आहे गं, इथंच आहे, ऐकतेय मी..." पण ते तिला ऐकू कसं जाणार? सांगा ना!

 मागून बायको आली. हातोडी आणली आणि घातला पहिला घाव! मी म्हटलं, "अगं, परवाना!" तर म्हणाली, "तुम्ही प्लायवूड धरता की बाजूला होता?" धरलं बाबा! भिंत आडवी झाली, शिवणआजी हात पुढे करून चाचपडत गेल्या आणि तिच्या तळहातावर काहीतरी लिहायला लागल्या. काय, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणि नेमक्या तपासणीच्या मॅडम हजर! वयानं लहान, बोलायला गोड. सगळं ऐकलं, डोळे पुसले. म्हणाल्या, "काका, आनंदाची बातमी आहे, नवीन सुधारणा आलीय! एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या लाभार्थ्यांना आता एकत्र राहता येईल."

तुम्हाला सांगतो, मी उडीच मारायचा बाकी होतो! म्हटलं, "मॅडम, तोंड गोड करा तुमचं!"

"फक्त," त्या म्हणाल्या, "त्या अवलंबून आहेत हे सिद्ध व्हायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही दिवस दोघींना वेगवेगळं ठेवायचं, आणि त्यांची तब्येत खालावते का, ते आम्ही येऊन बघणार."

म्हटलं, "अहो, ती खालावून झालीय! आत्ताच!"

"हो काका, मला पटतंय. पण ती आधीच्या नियमात खालावली. नवीन नियमात नव्यानं खालावायला लागेल."

 भांडलो, हात जोडले, बायकोनं तर हातोडी दाखवली. त्या म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर..." आणि गेल्या. आजींना बायकोनं सगळं समजावलं, एकीला कानात, दुसरीला तळहातावर.  मग ऑपरेटरआजी म्हणाल्या, "परवाना राहू दे तुमचा. राहतो आम्ही थोडे दिवस वेगळ्या."

सुतार आलाय, आत ठोकाठोक चाललीय, ऐकताय ना? मी त्याला एवढंच सांगितलंय, बाबा रे, खिळे अर्धेच ठोक... काढायला सोपे जातील.