टिकली कोण काढणार?

मोहाडीच्या बसथांब्यावर लिलाधर बसची वाट पाहत होता. शेजारी गावकऱ्यांना घेऊन सिनेमा काढणारे रश्मी आणि अतुल बोलत होते.

"अतुल, मालनबाई विधवा बनाले नाही म्हणते. माहा बुढा जित्ता आहे, म्हणते!"

"तिचा बुढाच तं आपला लाईट धरते!"

"तोच जास्त भेला!"

"उद्या शूटिंग आहे, रश्मी. टिकली काढाले कोणीच तयार नाही."

"मंग बायकोलेच मारू! बुढा मागं राहीन!"

"अन् मालनबाई?"

"सवाशीण मराले तं ती एका पायावर तयार होईन!"

"वा! जमला सिनेमा! पण बुढा कोण?"

बस आली. लिलाधर उठला नाही.

"मी येऊ का, बाबू?"

"काका, रडाचं जमन?"

"मागं राह्यलेला बुढा रडत नाही, बाबू. घरभर तांदळाचा डबा शोधत राह्यते."