लोखंड बहात्तर टक्के

...नाही, पण झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा! एका दगडावर लिहिलंय लोखंड बहात्तर टक्के, शेजारच्यावर लिहिलंय नऊ टक्के, आणि दोन्ही फोडले तर आतून निघतं सारखंच! मग काय, रात्रभर मी छताकडे बघत पडलेली, की बाई गं, आपलंच काही चुकतंय का? खोदायचा कोन चुकतोय का? शेजारी नवरा ढाराढूर झोपलेला, आणि त्याचं बरोबरच आहे म्हणा, त्याला कुठे अवकाशात खाण चालवायचीय!

हां, म्हणजे खेळ आहे हो. ऑनलाइन. लेकीच्या टॅबवरचा. एक जहाज असतं, त्यात दोघांनी बसायचं. अवकाशात लघुग्रह तरंगत असतात, मुलं त्यांना दगडच म्हणतात, आपण जायचं, खोदायचं, माल भरायचा आणि दुसरं जहाज यायच्या आत पसार व्हायचं. लेक कॅप्टन, मी खलाशी. मी आपली आधी नुसती डोकवायला गेले होते, की पोरगी दहा वर्षांची, काय बघते, कुणाशी बोलते... तर तिने मलाच कामाला जुंपलं! आणि तुम्हाला सांगते, मला आवडलं हो ते. कारण एरवी काय? "कशी झाली शाळा?" "बरी." "आज काय शिकवलं?" "काही नाही." संपला संवाद! पण जहाजात बसलो की तिचे पाय माझ्या मांडीवर, डोकं माझ्या खांद्यावर, "आई डावीकडे! आई पळ! आई, तू ग्रेट आहेस!" ग्रेट! मला! मला शेवटचं ग्रेट कोण म्हणालं होतं ते आठवतसुद्धा नाही.

पण ते आकडे! दगडावर बोट ठेवलं की पाटी उघडते. लोखंड इतकं, बर्फ इतका, कठीणपणा इतका, स्थैर्य इतकं. आता माझी नोकरी काय? औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासते मी. बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत आहे ना, हे बघायचा पगार घेते. त्यामुळे पाटी दिसली की मी वाचणार. पूर्ण वाचणार. खाली बारीक अक्षरात काही असेल तर तेही वाचणार. उगाच कोण कशाला लिहील?

मग मी मोठ्याने वाचायची. "थांब हं पिल्लू, लोखंड एकसष्ट, बर्फ बारा, कठीणपणा... अगं, कठीणपणा जास्त चांगला की कमी?" "आई, खोद!" "खोदते गं, पण स्थैर्य बघू दे, डळमळीत दगडावर आपण उगाच..." "आई, गेला! ते हिरव्या जहाजवाले आले आणि घेऊन गेले!" गेला तर गेला! चौकशी न करता मी घरात साधी चादर आणत नाही, आणि अख्खा दगड घेऊ?

आणि त्यात माझी धाकटी बहीण! एक दिवस आली, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने टॅब ओढला, म्हणते, "ताई, हा दगड गोंडस आहे, हाच घेऊ." गोंडस! आणि निघालं काय? प्लॅटिनम! जहाज भरून! लेक नाचतेय, मावशी नाचतेय, चहा सोफ्यावर, आणि मी आपली, "अगं, पण पाटीवर प्लॅटिनम शून्य होतं..." दोघींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वाढदिवसाला वजनकाटा घेऊन आलेय.

आता खरं सांगायचं तर वाढदिवसाला वजनकाटा काढतेच मी. लेकीच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत. चाचणीचे मार्क मागच्या चाचणीशी ताडून बघते, मग वर्गाच्या सरासरीशी. बघायलाच दिलेत ना? उगाच कोण कशाला लिहील? हां, या वेळची रेघ मारायची राहूनच गेलीय म्हणा, आणि चाचणी झाली म्हणे मध्ये कधीतरी... दगडांच्या नादात लक्षातच आलं नाही बघा.

तर शनिवारी मोठी स्पर्धा. आणि कॅप्टन मला काय म्हणाली? "आई, शनिवारी आकडे वाचत बसलीस तर मी जहाजात मावशीला घेणार." इतक्या शांतपणे! कामावरून काढताना साहेबलोक बोलतात ना, अगदी तसं! माझी जागा! ते पाय, ते डोकं, ते ग्रेट... सगळं त्या गोंडसवालीला?

नवरा म्हणे, "अगं, खोटे दगड, खोटे आकडे, कशाला जीव जाळतेस?" मी म्हटलं, "अरे, पण खोट्यात तरी खरे असतील ना?" तो उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

मग मी रीतसर नमुने घेतले. सुट्टी टाकली. हो, टाकली! लेक शाळेत आणि आई अवकाशात. जास्त लोखंडवाले वेगळे फोडले, कमीवाले वेगळे फोडले. काडीचा फरक नाही! मग खेळाच्या कंपनीलाच लिहिलं, आमच्या कारखान्यात लिहितो तसं: "महोदय, आपल्या लघुग्रहांवरील मजकूर व आतील माल यांत तफावत आढळते. कृपया खुलासा करावा." आणि उत्तर काय यावं? "हाय हाय खाणवीर! मस्त प्रश्न! ते आकडे सध्या फक्त शोभेसाठी आहेत! पुढे कधीतरी वापरू! मज्जा करा!"

शोभेसाठी! अहो, आम्ही बाटलीवर लिहू का, "डोस फक्त शोभेसाठी आहे, मज्जा करा"? मी डोक्याला हात लावून बसले... आणि मग मला हसूच फुटलं. इतकं, इतकं हसले! म्हणजे माझं काहीच चुकत नव्हतं! म्हणजे आता वाचायचंच नाही! म्हणजे मीही गोंडस दगड बघणार आणि धाडकन खोदणार आणि जागा माझीच!

शनिवारी धावतच गेले तिच्या खोलीत. "पिल्लू, ते आकडे खोटे आहेत! कंपनीने लिहून दिलंय!"

टॅबवरून मान वर न करता म्हणाली, "माहितीये."

"माहितीये? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्यांनाच माहितीये."

"मग बोलली का नाहीस गं? मी रात्र रात्र जागतेय, सुट्ट्या टाकतेय! बरं, जाऊ दे. आता बघच तू, आई कशी खोदते ते! आकड्यांचा नादच सोडला मी, डोकं कसं मोकळं झालंय... हो, त्यावरून आठवलं, तुमची चाचणी झाली ना गं मध्ये?"

आता मात्र मान वर झाली. माझ्याकडे बघितलं, दाराच्या चौकटीकडे बघितलं. मग सरकून मला जागा केली, टॅब माझ्या मांडीवर ठेवला, सगळ्यात मोठ्या दगडावर बोट ठेवून पाटी उघडली आणि म्हणाली,

"मावशी नको. तूच बस. आणि आई, वाच. सावकाश वाच, खालचं बारीक अक्षरातलंपण वाच. हरलो तरी चालेल. तू यांचे आकडे वाचतेस ना, तेव्हा माझे वाचत नाहीस."