भारत हरला, सुदाम धावला

दिल्लीच्या एशियाडमधून आपली फुटबॉल टीम अगदी शेवटी गोल खाऊन बाहेर पडली, ते आम्ही वाडीच्या गोदामात रेडिओवर ऐकलं. सगळे हमाल सुन्न बसलो होतो. आमच्या वस्तीच्या टीमचा कॅप्टन सुदाम मात्र उठला अन् बूट बांधू लागला.

"काहून गा? कुठं निघाला?"

"मैदानावर पळाले जाऊन राहिलो. शेवटच्या मिनिटाले पाय थकाले नाही पाहिजे."

दिवसभर पोती वाहिली होती, तरी पठ्ठ्या चकरांवर चकरा मारत होता. मीही मागे धापा टाकत. मग ओरडलोच, "अबे, चाळिशीचा झाला तू! तुले कोण बोलावून राहिलं इंडियाकडून खेळाले?"

तो थांबला नाही. म्हणाला, "कोणीच नाही, हे मले बी ठाऊक हाय. पण बोलावलंच, अन् मी दमलेला निघालो तर?"