तिबुर्सियोकडची न्याहारी

ईस्टरच्या सकाळी पेरूमधल्या आयाकुचो गावात बेकरीसमोर माझ्यापुढे रांगेत दोघं म्हातारी बहीणभाऊ होती.

"आठ चाप्ला पाव कशाला रे, हासिंतो? आपण दोघंच तर आहोत."

"तिबुर्सियोकडे न्याहारीला जातोय, ताई."

"त्या दगाबाज यहूदाकडे? सैनिकांनी तुला धरलं, तेव्हा 'ह्याला मी ओळखत नाही' म्हणाला तो! सहा वर्षं तुरुंगात काढलीस तू."

"यहूदा नको, पेत्र म्हण. येशूला धरलं तेव्हा तोही असंच म्हणाला होता, तेही तीनदा."

"पेत्र निदान रडला तरी. हा तुला बघून गल्ली बदलतो."

"लाज वाटते म्हणून बदलतो. प्रभूनं मेलेल्यांतून उठल्यावर काय केलं? तळ्याकाठी निखाऱ्यावर मासे भाजले. आधी पेत्राला खाऊ घातलं, मग विचारलं, 'माझ्यावर प्रेम आहे ना?'"

"तू प्रभू नाहीस."

"म्हणून तर नुसते पाव नेतोय."

"आणि त्यानं दारच उघडलं नाही तर?"

"उघडेल. काल त्याच्या बायकोला निरोप दिलाय. ती रडलीच."

तेवढ्यात त्यांची पाळी आली.

"किती देऊ?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"बारा द्या," ताईच म्हणाली. "त्याची नातवंडंही असतील. मीही येतेय, हासिंतो. पण त्याच्याशी बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते."