भरलेली मान

...अन् वर मलाच विचारायलेत, "बजरंगराव, गळ्यावर एवढी गाठ आली तरी तुमाला कळलं कसं न्हाई?" आता कळंल कसं, तुमीच सांगा! आवो, मी कुस्त्यांचा निवेदक माणूस. सव्वीस वर्षं झाली, पिंगळी घ्या, पोखर्णी घ्या, कुठंबी जत्रा असू द्या, फडावर माईक माझ्या हातात. दिवसा पंचायत समितीत कारकून, अन् जत्रेत... "लाल लंगोट वालूरचा, पट काढायला घुसलाय, घुसलाय, हलगीवाले, जरा हात चालू द्या..." हे मी! पण अंगानं कसा? हा असा. बघायलेत ना? तालमीत ज्याची मान रुंद त्याला इज्जत, अन् माझी मान अशी की सदऱ्याचं वरचं बटन लावलं तरी आत दोन बोटं फिरायची. उभा जन्म दुसऱ्यांच्या मानांची तारीफ केली. "काय मान हाय मंडळी, बैलाची मान हाय." अन् स्वतःच्या मानेवर बोलायची सोय न्हाई.

अन् सत्तेचाळिसाव्या वर्षी, तुमाला सांगतो, माझी मान भरायला लागली!

आमच्या तालमीत रीत हाय. दर महिन्याला दत्तराव वस्ताद पोरांच्या मानेला सुतळी लावून माप घेतात, सुतळीला गाठ मारतात अन् खुंटीला टांगून ठेवतात. मी गमतीनं म्हणलं, वस्ताद, माझीबी मापा. पुढच्या महिन्यात बघतो तर अर्धं बोट वाढ! त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. वस्तादांनी डोळे मिटून गळ्यावरून हात फिरवला, म्हणले, "बजरंग, उशिरा का होईना, मेहनत मानेला लागली." कोणती मेहनत? मी तर नुसता माईक उचलतो! पण असल्या वेळी कोण विचारतंय... मी पेढे वाटले. बटन उघडं टाकून ऑफिसात जायला लागलो. राजेश्री, म्हणजे आमची बायको, म्हणायली की आवो, ही समोरूनच फुगायलीय, मागून तर हाय तशीच हाय, दवाखान्यात दाखवा. मी म्हणलं, तुला पैलवानकीतलं काय कळतं? पाच महिने! पाच महिने त्या गाठीला मी बदाम खाऊ घातले, तूप पाजलं, थंडाई पाजली...

मग उताणं पडलं की दम कोंडायला लागला. राजेश्रीनं हाताला धरलं अन् परभणीला सर्जनकडं नेऊन बसवलं. डॉक्टर संघप्रिया. आमच्या पोरीच्या वयाची, पण बोलणं असं की आपण आपोआप नीट बसावं. तिनं पाण्याचा गिलास दिला, म्हणली घोट घ्या. मी घोट घेतला. गळ्यावरचं ते प्रकरण वर गेलं अन् खाली आलं.

"काका," ती म्हणली, "ही मान नाही. थायरॉईड आहे."

खल्लास. पाच महिन्यांची पैलवानकी एका घोटात गेली!

मग तिनं कागद घेतला अन् चित्र काढून दाखवलं. मला वाटायचं, गळा म्हणजे काय, एक नळी भाकरीची, एक नळी हवेची, संपलं. तर न्हाई! कंठाच्या जरा खाली, श्वासनळीला समोरून मिठी मारून एक ग्रंथी बसलेली. दोन पंख, मधी बारीक पूल, सगळा आकार फुलपाखराचा. अन् ते फुलपाखरू सगळ्या अंगाचा वेग ठरवणार. काळीज किती पळायचं, अंग किती तापायचं, माणूस किती सुस्त पडायचा, सगळं त्याच्या हातात. बरं, एवढ्यावर भागलं का? त्याच्या पाठीमागं आणखी चार ग्रंथी लपलेल्या, दोन इकडं, दोन तिकडं, एकेक तुरीच्या डाळीएवढी. पॅराथायरॉईड. शेजार तेवढा थायरॉईडचा, काम अगदी वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. चार बोटं जागा, तुमाला सांगतो, अन् तिथं केवढा कारभार!

अन् मग तिनं पेनानं एक रेघ ओढली. म्हणली, ही आवाजाची नस.

आता ही नस मेंदूकडून येणार, कामाला लागणार गळ्यात. तर सरळ यावं का न्हाई? न्हाई! ही आधी छातीत उतरती, तिथं मोठ्या रक्तनळीला वळसा घालती, अन् परत वर चढती. म्हणजे पिंगळीहून परभणीला निघालेल्या माणसानं आधी पूर्णेला जाऊन यावं, तसं. अन् वर चढती कुठून? त्या थायरॉईडच्या पाठीला घासून! दोन बाजूंना दोन नसा, सुतळीपरास बारीक, अन् सगळी गाठ काढायची तर ह्यांच्या अंगावरूनच सुरी फिरणार. चार बोटं जागा... मी विचारलं, माझा आवाज?

ती म्हणली, बहुतेकांचा ऱ्हातो, क्वचित एखाद्याचा कायमचा बसतो, मी जपून करीन, पण शब्द देता येत नाही.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? मानेचं सोडा हो, ती उसनीच होती, पण आवाज माझा होता. तेवढं एकच तर होतं माझ्याकडं जे फडावरच्या पैलवानाकडं न्हाई. मी राजेश्रीला बाहेर नेलं, म्हणलं, ऱ्हाऊ दे, गाठीत सुई घालून तपासलंय, कॅन्सर न्हाई, साधी गाठ हाय, सांभाळू. ती म्हणली, "आवाजासाठी श्वास सोडता का?" अन् रडली. पंचवीस वर्षांत मी तिला दोनदा रडताना बघितलंय. गेलो आत, केली सही.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर समोर डॉक्टर, म्हणती, काका, "ई" म्हणा. मी सगळा जोर लावला अन् निघालं काय? फुस्स... सायकलच्या ट्यूबमधून निघावं तसं! ती म्हणली, घशात नळी होती, सूज हाय, थांबा. थांबा म्हणं! सव्वीस वर्षं बोलून खाल्लं मी...

दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या. मग बोटांना मुंग्या. मग बोटं आपोआप आखडायली. नेमके दत्तराव वस्ताद भेटायला आलेले. म्हणले, काळजी करू नको, नसा मोकळ्या व्हायल्यात, मी आत्ताच रगडून देतो. अन् पिशवीतून तेलाची बाटली काढली! टाके घातलेल्या गळ्याला रगडणार! मी "नको" म्हणतोय अन् निघतंय फुस्स. त्यांना वाटलं, पोरगं खुश झालं. आखडलेल्या बोटांनी कसातरी पेन धरला, कागदावर ओढलं, "कॅल्शियम, चार डाळी रुसल्या, डॉक्टर बोलवा." सिस्टरनं कागद वाचला अन् धावत गेली. रक्त तपासलं, कॅल्शियम खाली! सलाईनमधून औषध गेलं अन् तासाभरात बोटं सुटली. डॉक्टर संघप्रियानं तो कागद घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला, म्हणली, "काका, निदान तुम्ही केलं." मी! बारावीला सायन्सला घाबरून आर्ट्सला गेलेला माणूस!

चौथ्या दिवशी तिनं दुर्बिणीतून स्वरयंत्र बघितलं. दोन्ही पडदे हालायलेत, म्हणली, नसा शाबूत हायेत, आता "ई" म्हणा. म्हणलं. अन् निघाला, मंडळी! आधी खरखर, मग जरा खाली, मग एकदम... "ईईई"! शेजारच्या खाटंवरचा पेशंट उठून बसला. राजेश्री खिडकीकडं तोंड करून उभी होती, म्हणजे तिसऱ्यांदा. मीबी रडलो. चार बोटं जागेत एवढा कारभार, अन् त्या पोरीनं त्यातलं काढायचं तेवढं काढलं, ठेवायचं तेवढं ठेवलं!

दोन महिन्यांनी पोखर्णीची जत्रा. डॉक्टरनं परवानगी दिली, फक्त म्हणली, ताणू नका, माईक जवळ धरा. रोज सकाळी उपाशी पोटी थायरॉईडची गोळी खाऊन मी तयार. अन् शेवटची निकाली कुस्ती लागली, ढाक लावायला पैलवान घुसला, अन् भडाम्! साउंडवाल्याच्या मशीनमधून धूर. सगळा फड गप्प. पाच हजार माणूस माझ्याकडं बघायलंय. मी माईक खाली ठेवला, बायकांत बसलेल्या राजेश्रीकडं बघितलंबी न्हाई, अन् मोकळ्या गळ्यानं सुरू... "ढाक बसलीय मंडळी, सुटती का, सुटती का, न्हाई सुटत, उचलला, उचलला, चितपट!" वीस मिनिटं! पार मागच्या ट्रॅक्टरवरच्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू गेला! फेटा बांधला मला. जिंकलेल्या पैलवानाच्या आधी मला! दत्तराव वस्तादांनी खांद्यावर घेतलं!

अन् खांद्यावरून खाली उतरवलं तवर पंच मंडळींनी बसून ठरवलंबी, की एवढा दणकट आवाज गावाजवळ असताना नाहक मशीन आणायचं कशाला... पुढच्या सालापासून माईक बंद.